मापाची वही

रात्रीचे दोन वाजले असतील.
चादरीचा काठ अंगठ्याला लागला
आणि मी असा ओरडलो की शेवंतानं विंचूच शोधला आधी,
बॅटरी घेऊन, पलंगाखाली, चपलांत.
चादर मीच शिवलेली. जुन्या पडद्याची.
वजन म्हणाल तर काही नाही.

अंगठा लाल, ताणलेला, चकचकीत,
पिकल्या टेंभरासारखा.
उजवा पाय. पायडलचा पाय.
दिग्रसच्या रस्त्यावर एकतीस वर्षं
या पायानं गावाचे गणवेश शिवले.

मग जो तो डॉक्टर.
“वात हाये,” म्हणाला पानठेल्यावरचा मोतीराम,
“तुरीचं वरन सोड.”
सोडलं. ऐन तुरीच्या गावात
दीड वर्ष मुगाचं पाणी भुरकलो.
कोणी म्हणालं मुरगळला, चोळून घे.
चोळून घेतला. त्या रात्रीचं सांगत नाही.
मेडिकलवाला पुडीत चार गोळ्या द्यायचा, दोन गुलाबी,
पाचव्या दिवशी पाय असा नीट
की मलाच वाटे, नाटक केलं का मी?
तीन महिन्यांनी पुन्हा. मग दोन.
मग गुडघाही.

यवतमाळच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला,
“हाड ठीक आहे,” म्हणाला.
मी म्हटलं, मग मी ठीक नाही तो कुठं?

प्रणाली मडावी लॅबमध्ये रक्त काढते.
तिचा पांढरा कोट माझ्याच हातचा, खिसे दोन इंच खोल.
ती म्हणाली, “काका, हाडाचे वेगळे, सांध्याचे वेगळे.
नागपूरहून एक बाई येतात
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.
नंबर सकाळी सातपासून लावा.”
कागद नव्हता. मापाच्या वहीतच लिहून घेतलं,
सरपंचाच्या सदऱ्याखाली:
डॉ. देशकर. संधिवाततज्ज्ञ. बसस्टँडमागं, दुसरा माळा.

दुसरा माळा! सांध्याच्या डॉक्टरचा!
बावीस पायऱ्या, बसून बसून चढलो.

बाईंनी मोजा स्वतः काढला.
गुडघ्यातलं पाणी सिरिंजनं ओढलं,
काचेवर थेंब ठेवून आत गेल्या,
आणि परत येऊन म्हणाल्या, “या, बघा.”
मी डोळा लावला.
सुया.
बारीक, चमकणाऱ्या, दोन्हीकडून टोकदार,
नाकं नसलेल्या सुया.

“रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं की
सांध्यात असे खडे धरतात. गाऊट म्हणतात.
घरात कोणाला होतं?”

मला बाबा आठवले.
कानाच्या पाळीवर, कोपरावर पांढऱ्या गाठी.
एक फुटली होती, आतून निघाला
खडू. आमच्याच डब्यातला वाटावा असा.
आईनं फडक्यानं पुसला.
लोक म्हणायचे, मागच्या जन्माचं.
मी कापड बेतत होतो, वर पाहिलं नाही.

बाई सांगत होत्या, मी निम्मं ऐकलं:
वरण खा. दारू बंद, कलेजी बंद.
पाणी प्या. गुलाबी गोळ्या विसरा, मूत्रपिंड जपा.
ही गोळी रोज, हळूहळू वाढवू.
सुरुवातीला दुखणं पुन्हा उठेल,
त्याच्यासाठी ही दुसरी.
घाबरून सोडू नका. दुखत नसलं तरी सोडू नका.

उठलंच. दिवाळीच्या तोंडावर,
गिऱ्हाईकं दारात, मी पाय उशीवर घेऊन.
मोतीराम म्हणाला, “पाह्य, म्या सांगतलं होतं.”
शेवंतानं गोळी हातावर ठेवली
आणि ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

वहीत आता माझंही एक पान आहे.
छाती नाही, कंबर नाही, बाह्या नाहीत.
जानेवारी ९.४
एप्रिल ७.८
ऑगस्ट ६.३
बाईंना सहाच्या आत हवंय.
म्हणजे अजून थोडं आत घ्यावं लागेल,
तेवढं आपल्याला जमतं.

काल वरण केलं होतं, लसणाची फोडणी.
रात्री चादर पायावर घेतली,
मग काढली, मग पुन्हा घेतली.